दारात येऊन बसलेला टॉवर

‘एज ऑफ एम्पायर्स २’ या खेळातला टॉवर जागचा हलत नाही, सैनिक तयार करत नाही, कुणाचा पाठलाग करत नाही. ८ चौकटींच्या आत शत्रू आला की बाण सोडायचा, एवढेच त्याला येते. डॅलसच्या एन्सेम्बल स्टुडिओजने बनवलेला आणि मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर १९९९ मध्ये बाजारात आणलेला हा खेळ आपल्याकडच्या सायबर कॅफेंतही तासाच्या भाड्यावर भरपूर खेळला गेला. त्यात नवखा खेळाडू टॉवर बांधतो तो आपल्या घराजवळ, आपली माणसे राखायला. मुरलेला खेळाडू मात्र चार-पाच गावकरी घेऊन अख्खा नकाशा ओलांडतो आणि प्रतिस्पर्धी जिथे लाकूड तोडतोय त्या रानाच्या कडेला टॉवर उभा करतो. खेळाडू याला टॉवर रश म्हणतात, लाडाने ‘ट्रश’. बचावासाठी दिलेली इमारत हल्ल्याचे हत्यार झाली, असे याचे वर्णन सर्रास केले जाते. मला ते अर्धवट वाटते. शत्रूच्या रानात उभा राहिला तरी टॉवर बचावच करत असतो. बदलते ते इतकेच की चाल करून कुणी यायचे हा प्रश्न तो दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. खेळातल्या बचावाच्या जवळजवळ सगळ्या बांधकामांचे चक्रावणारे वागणे या एका गोष्टीतून उलगडते.

त्यामागे काही साधे नियम आहेत. पहिला असा, की गावकरी जिथे पोहोचेल तिथे इमारत बांधता येते. ती आपल्या गावाला लागूनच असली पाहिजे अशी अट नाही. दुसरा, संपत्ती जागेवर खिळलेली आहे. सोन्याची खाण, दगडाची खाण, झाडे, बोरांची झुडपे जिथे आहेत तिथेच आहेत, आणि ती गोळा करायला माणसांना तिथे जावेच लागते. तिसरा नियम काळाचा. खेळ चार युगांतून पुढे सरकतो. टॉवर दुसऱ्या युगात, म्हणजे फ्यूडल एजमध्ये, मिळतो. तो पाडण्यासाठी बनवलेली धडक-गाडी, म्हणजे रॅम, तिसऱ्या युगात, कॅसल एजमध्ये येते. मधल्या काळात दगडी टॉवर आहे आणि त्यावर नेमका उतारा नाही. त्यात पल्ल्याचा हिशेब पाहा. फ्यूडल एजच्या तिरंदाजाचा पल्ला ४ चौकटी, गावाचे केंद्र असलेल्या टाउन सेंटरचा ६ आणि टॉवरचा ८. म्हणजे टाउन सेंटरचे बाण पोहोचत नाहीत अशा जागी उभे राहून त्याच्या सावलीतल्या माणसांना टिपणे टॉवरला जमते. टॉवरला १२५ दगड लागतात आणि त्याहून बरेच कमी लाकूड. नेहमीच्या डावात प्रत्येकाला सुरुवातीला २०० दगड मिळतात, त्यामुळे पहिला टॉवर जणू खिशातच असतो. एक गावकरी मिनिटाला साधारण वीस-पंचवीस लाकूड आणतो. आठ जणांना टॉवरच्या धाकाने एक मिनिट हात बांधून बसावे लागले, तर एकशेसाठ ते दोनशे लाकूड बुडाले. टॉवरची किंमत एका मिनिटात वसूल, आणि त्याने अजून एकही माणूस मारलेला नसतो.

टॉवरच्या बाणांकडे पाहून त्याची ताकद मोजणारे इथेच फसतात. बाण मुळात फार घातक नाहीत. बॅलिस्टिक्स हे तंत्र कॅसल एजमध्ये विद्यापीठात मिळते. ते नसेपर्यंत टॉवर, टाउन सेंटर, तिरंदाज सगळेच शत्रू आत्ता जिथे आहे तिथे नेम धरतात, तो पुढच्या क्षणी कुठे असेल हे बघत नाहीत. आडवा पळणारा घोडेस्वार त्यामुळे बाणांच्या वर्षावातून बिनधास्त निघून जातो. बाण खातो तो जागेवर उभा राहून काम करणारा. झाडावर कुऱ्हाड चालवणारा, खाणीत कुदळ मारणारा, शेतात राबणारा गावकरीच टॉवरचा खरा बळी, कारण त्याला हलून चालत नाही. टॉवर पळणाऱ्याचे काही बिघडवू शकत नाही, पण काम करणाऱ्याला पळायला लावतो. बाणाला भ्यायचे ते एवढ्यासाठी.

अशा टॉवरभोवतीची झटापट जवळून पाहण्यासारखी असते. साधारण दहाव्या मिनिटाच्या आसपास हल्लेखोराचे गावकरी पोहोचतात आणि जमिनीवर पाया आखतात. अपुरा टॉवर बाण सोडत नाही. हातोडे चालतात तसतसा तो वर येतो आणि तितकाच मजबूत होत जातो. बचाव करणाऱ्याला शहाणपणाने खेळायचे तर हीच वेळ. त्याने टॉवरला हात न लावता बांधणाऱ्यांच्या अंगावर जायचे असते. तो उशिरा आला, टॉवर पूर्ण झाला, की बांधणारे पटकन आत शिरतात. पाच जणांची जागा असते, आणि आत शिरलेल्या गावकऱ्यागणिक जादा बाण सुटू लागतात. टॉवर बांधणारी माणसेच त्याची शिबंदी होतात. पण या टॉवरचे एक वैगुण्य आहे: अगदी पायथ्याशी बिलगून उभ्या असलेल्याला तो मारू शकत नाही. मर्डर होल्स हे तंत्र ही उणीव भरून काढते, पण तेही विद्यापीठातले, म्हणजे पुढच्या युगातले. म्हणून दिसते असे, की बचाव करणाऱ्याचे सात-आठ गावकरी धावत टॉवरच्या मुळाशी येतात आणि हातातल्या अवजारांनी तो खणू लागतात. गावकऱ्यांच्या हातांना दगडी बांधकामाविरुद्ध खास जादा मार दिलेला आहे, त्यामुळे फ्यूडल एजमध्ये तलवारवाल्यांपेक्षा शेतकरीच टॉवर पाडायला बरे. मग हल्लेखोर शेजारी दुसरा टॉवर आखतो, इतक्या अंतरावर की पहिल्याचा पायथा दुसऱ्याच्या माऱ्यात यावा. समोरचाही आपला टॉवर आखतो. कुणी उंचवटा धरतो, कारण वरून खाली केलेला मारा सव्वापट लागतो आणि खालून वर केलेला पाऊणपट. पाहता पाहता रानाच्या एका कोपऱ्यात चार-पाच टॉवर एकमेकांवर डोळे वटारून उभे राहतात. त्यातला प्रत्येक, त्याच्या मालकाला विचाराल तर, बचावासाठीच असतो.

हाच न्याय टोकाला नेणारा डाव पर्शियन लोकांचा. या संस्कृतीच्या टाउन सेंटरला इतरांच्या दुप्पट ताकद आहे. टाउन सेंटर म्हणजे गावकरी जन्माला घालणारी, धान्य-लाकूड साठवणारी, संकटकाळी १५ जणांना पोटात घेणारी इमारत. यापेक्षा घरगुती वास्तू या खेळात दुसरी नाही. आत कुणी नसेल तर ती बाणसुद्धा सोडत नाही. कॅसल एजच्या आधी दुसरे टाउन सेंटर बांधायची मुभा नाही, पण असलेले नाहीसे झाले तर नवे बांधता येते. कुणीतरी हा नियम नीट वाचला. स्वतःचे टाउन सेंटर स्वतःच जमीनदोस्त करायचे, झाडून सगळे गावकरी घेऊन निघायचे आणि शत्रूच्या टाउन सेंटरला खेटून नवे उभारायचे. खर्च २७५ लाकूड आणि १०० दगड. पर्शियन खेळाडूला सुरुवातीला ५० लाकूड जादा मिळते, म्हणजे हातात २५०. कमी पडतात फक्त २५. मग दोन्ही घरे समोरासमोर, दोन्हींत माणसे ठासून भरलेली, दोन्हींतून सारखेच बाण. पण एकाच्या भिंती दुप्पट जाड. घर मोडून शेजाऱ्याच्या अंगणात बिऱ्हाड थाटण्याचा हा प्रकार दिसायला विनोदी आहे, पण हिशेबात चोख बसतो. नियमात दुप्पट ताकद दिली ती घर पडू नये म्हणून. घर कुठे असावे, हे नियमाने सांगितलेच नव्हते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ही खेळातली खोट आहे, आणि खोटीचा फायदा घेणे ही लबाडी. खोट कशी असते याचा चांगला नमुना दुसऱ्या एका खेळात सापडतो. वेस्टवूडच्या ‘कमांड अँड कॉन्कर’मध्ये, १९९५ साली, वाळूच्या पोत्यांची स्वस्त भिंत होती. त्या खेळात नवे बांधकाम आधीच्या बांधकामाला लागूनच करावे लागे, आणि पोतीही बांधकामात मोजली जात. त्यामुळे पोत्याला पोते जोडत थेट शत्रूच्या तळापर्यंत जाता येई. गंमत पुढे होती. संगणक चालवत असलेल्या शत्रूला पोती हल्ला करण्याजोगी वाटतच नसत. तळाला पोत्यांचे कडे घातले की त्याचे रणगाडे आत अडकून पडत. तोफ हाताशी असून पोते फोडायचे त्याला सुचत नसे. ही खरी खोट, कारण ती समोरच्याच्या आंधळेपणावर चालते. माणूस समोर असेल तर पोती मिनिटभरही टिकणार नाहीत. टॉवर रशचे उलट आहे. तो डोळस, अनुभवी, सगळे नियम पाठ असलेल्या माणसाविरुद्धही चालतो. पाया आखला जाताना तो पाहतो, काय होणार हे त्याला कळते, आणि तरी त्याला काही ना काही किंमत मोजावी लागते. बांधणाऱ्यांवर धावून गेला तर त्याची माणसे कामावरून सुटली. नाही गेला तर रान गेले. दोन्ही वाटांनी नुकसान होते, मात्र कुठल्या वाटेने कमी होईल याचा निर्णय त्याच्याच हातात असतो. निर्णयाला जागा उरते तिथे मी खोट मानत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. टॉवर इतका सोयीचा असेल, तर सगळेच खेळाडू प्रत्येक डावात तेच का करत नाहीत? कारण तो स्वस्त दिसतो तितका नाही. पहिला टॉवर सुरुवातीच्या दगडांत होतो, दुसऱ्यासाठी खाणीवर माणसे लावावी लागतात, आणि या खेळात दगड ना खाता येतो ना त्यातून तिरंदाज बनतो. तो मुख्यतः बांधकामाला कामी येतो. पाच गावकरी शत्रूच्या रानात हातोडे चालवत असतात, तेव्हा आपल्या घरची पाच माणसे कामावर नसतात. समोरचा घाबरला नाही, त्याने दुसऱ्या रानात कुऱ्हाडी हलवल्या आणि शांतपणे कॅसल एज गाठले, तर हल्लेखोराच्या हाती उरतात ओसाड कोपऱ्यातले दोन-तीन टॉवर आणि मागे पडलेले घर. टॉवरला चाकेही नाहीत, माणसे गेली तिकडे तो जाणार नाही. हल्ला फसला तर सैन्य माघारी येते, टॉवर येत नाही. त्यामुळे हा डाव जुगाराचाच, पण जुगार म्हणून त्याला हिणवणाऱ्यांनी ‘स्टारक्राफ्ट’मधला एक प्रसिद्ध सामना आठवावा. नोव्हेंबर २००४ मध्ये दक्षिण कोरियातल्या एव्हर स्टारलीगच्या उपांत्य फेरीत लिम यो-ह्वान, म्हणजे ‘बॉक्सर’, आणि हाँग जिन-हो, म्हणजे ‘यलो’, समोरासमोर आले. दोघेही त्या काळचे दिग्गज, आणि लोकांना वाटले रात्र रंगणार. बॉक्सरने तिन्ही डावांत एकच केले. बंकर, म्हणजे चार सैनिक आत बसवायचा खंदक, तो प्रतिस्पर्ध्याच्या दारात नेऊन बांधला. सामना ३–० असा झटपट संपला आणि चाहत्यांत मोठी नाराजी पसरली. नाराजी समजण्यासारखी आहे. नाटकाचे तिकीट काढून नांदी संपताच पडदा पडावा असे झाले. पण पहिल्या डावानंतर यलोला ही चाल ठाऊक होती, दुसऱ्यानंतर तर पक्की ठाऊक होती. तरी तो अडकला, कारण सुरुवातीपासून बंकरच्या धास्तीने खेळायचे तर स्वतःचा विस्तार सोडावा लागतो, आणि तो सोडला तर लांबलेला डाव हातचा जातो. बंकरने त्याला प्रत्येक वेळी तोच पेच टाकला.

‘स्टारक्राफ्ट’मध्येच बांधकामाचा दुसरा चेहराही दिसतो. प्रोटॉस जमातीचे खेळाडू झर्ग जमातीविरुद्ध खेळताना फोर्ज ही इमारत आधी बांधून, फोटॉन कॅनन नावाच्या स्थिर तोफांच्या आडोशाने, फार लवकर दुसरा तळ टाकतात. मार्च २००७ मध्ये ‘बिसू’ या नावाने खेळणाऱ्या किम ताएक-योंगने एमएसएल या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तेव्हाच्या अजिंक्य वाटणाऱ्या ‘सेव्हिअर’ला ३–० हरवले, तेही अशाच सुरुवातीवर. इथे तोफा घरीच असतात, पण त्यांचा खरा उपयोग शत्रूला मारण्याचा नसतो. त्या आहेत म्हणून सैन्यावर होणारा खर्च टळतो आणि तो पैसा दुसऱ्या तळात जातो. तोच दगड, तीच तोफ. शत्रूच्या दारात ठेवली तर त्याची कमाई अडवते, आपल्या दारात ठेवली तर आपली कमाई लवकर वाढवते. दोन्ही ठिकाणी ती स्वतः कुणावर चालून जात नाही.

इतिहासाचा दाखला देणारेही भेटतात. मध्ययुगात कुणी शत्रूच्या शेतात किल्ला बांधत होते का, असे ते विचारतात. बांधत होते. नॉर्मंडीचा विल्यम १०६६ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याने पेव्हेन्सी आणि हेस्टिंग्ज इथे लगोलग किल्ले उभारले. स्वतःच्या देशात बसून नव्हे, जिंकायच्या भूमीवर. त्याच्या मुलाची, विल्यम रुफसची, गोष्ट तर आपल्या मुद्द्याशी अधिक जुळते. १०९५ मध्ये रॉबर्ट द मोब्रे हा बंडखोर सरदार बॅम्बरोच्या किल्ल्यात शिरून बसला. किल्ला कड्यावरचा, थेट चढाई करून मिळेना. रुफसने समोरच दुसरा किल्ला बांधला, त्याला ‘मालव्हॉइसिन’ म्हणजे वाईट शेजारी असे नाव दिले, आणि तो स्वतः निघून गेला. नव्या किल्ल्याने बॅम्बरोवर कब्जा केला नाही. पण कोंडलेल्या रॉबर्टला स्वस्थ बसता येईना; तो थोडी माणसे घेऊन बाहेर पडला, त्याचा पाठलाग झाला आणि तो पकडला गेला. मग त्याचे डोळे काढण्याची धमकी दिल्यावर त्याच्या बायकोने बॅम्बरो सोडले. डॅलसच्या मंडळींनी हा प्रसंग समोर ठेवून नियम लिहिले, असे मी म्हणत नाही. पण त्यांच्या नियमांतून जे निघाले ते मध्ययुगाला परके नव्हते.

भिंतींची तऱ्हा वेगळी आहे, कारण त्या बाणही सोडत नाहीत. खुंटांच्या कुंपणाची एक चौकट अगदी थोड्या लाकडात होते. पाया नुसता आखलेला असेल तर त्यावरून कुणीही चालत जाऊ शकतो. गावकऱ्याने त्यावर हातोड्याचा एक घाव घातला की ती चौकट अडथळा ठरते. भिंत अजून जेमतेमच आहे, ताकद नाममात्र, पण वाट बंद. चांगले खेळाडू हे इतक्या चपळाईने करतात, की शत्रूचे घोडेस्वार गावकऱ्यामागे धावत असताना त्याच्या आणि घोड्यांच्या मध्ये ऐनवेळी कुंपण उगवते आणि घोडे वळसा घालू लागतात. वेळ साधणे अवघड असते, कारण शत्रू ज्या चौकटीत उभा आहे तिथे बांधकाम सुरू होत नाही. एक क्षण उशीर झाला तर कुंपणाला फट राहते आणि गावकरी जातो. तटबंदी ही आधीपासून सावकाश बांधून ठेवायची गोष्ट, ही आपली समजूत इथे उलटी होते. अर्धा सेकंद जुनी आणि फुंकरीने पडेल अशी भिंत, पूर्ण बांधलेल्या पण चुकीच्या जागी असलेल्या दगडी तटापेक्षा जास्त काम करते.

बनवणाऱ्यांना हे सगळे नको असते तर उपाय सोपा होता: शत्रूच्या गावाच्या अमुक अंतरात बांधकाम बंद. तो त्यांनी केला नाही. २०१९ मध्ये आलेल्या डेफिनिटिव्ह एडिशनपर्यंत आणि नंतरही मोडतोड झाली ती आकड्यांची. फ्यूडल एजमधल्या टॉवरची हजारावरची ताकद सातशेच्या घरात आणली. इंका गावकऱ्यांना लोहाराकडच्या चिलखताचा लाभ लवकर मिळत असे, त्यामुळे टॉवर बांधणारी त्यांची माणसे मरता मरत नसत. तो लाभ एक युग पुढे ढकलला. किंमत वाढवली, वेळ हलवला, वाट उघडी ठेवली. उलट पुढे तिचा रस्ताच केला. बल्गेरियनांना क्रेपोस्ट दिला, ६५० दगडांच्या कॅसलऐवजी ३५० दगडांत होणारा छोटा किल्ला, जो पुढे नेऊन बांधायला परवडतो. मूळ कॅसलमध्येही ही दुहेरी वृत्ती पहिल्यापासून होती: त्याचे बाण ८ चौकटी जातात, आणि शेवटच्या युगात तोच जे ट्रेब्युशे नावाचे गोफणयंत्र तयार करतो ते १६ चौकटींवरून कॅसल पाडते. २०२१ मध्ये सिसिलियन लोक आले ते सार्जंट नावाचे सैनिक घेऊन. हे सैनिक लढतात आणि डॉनजॉन हा आपला टॉवरही स्वतःच बांधतात, आणि त्या डॉनजॉनमधून आणखी सार्जंट निघतात. गावकरी घरी कामावर राहतात, म्हणजे टॉवर रशची सर्वांत मोठी किंमत इथे वाचते. त्याची भरपाई दगडात केली आहे: डॉनजॉनला साध्या टॉवरपेक्षा जास्त दगड लागतो, आणि त्यासाठी सिसिलियन खेळाडूलाही आपली माणसे लाकडा-धान्यावरून काढून दगडाच्या खाणीवर लावावीच लागतात.